उजवा वरचा कोपरा

खात्रीताईंचं खरं नाव कारखान्यात फारच थोड्यांना ठाऊक होतं. "खात्री करून घेतली का?" हे त्या दिवसातून इतक्या वेळा विचारायच्या की त्यातला एक शब्द त्यांना कायमचा चिकटला. घरातून निघताना कुलूप लावलं की त्या ते ओढून बघायच्या, चार पायऱ्या उतरून पुन्हा वर जाऊन ओढायच्या, आणि एवढं करून रस्त्याच्या वळणावर नवऱ्याला विचारायच्या, "कुलूप तुमच्यासमोर लावलं ना मी?" नवरा बिचारा बावीस वर्षं "हो" म्हणत आला होता. त्याच्या "हो" वर त्यांचा विश्वास होता असं मात्र नाही.

कारखाना बॅटऱ्यांचा होता. बॅटरीत शिसं असतं आणि ते श्वासावाटे, हातावाटे अंगात जाऊन माणसाला आतून पोखरतं. म्हणून दर तीन महिन्यांनी कामगारांचं रक्त तपासलं जायचं आणि प्रयोगशाळेचे आकडे आकडेवारी विभागात यायचे. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक प्रिंटर आणि उघडताना कुरकुरणारी खिडकी. तिथे त्या आकड्यांचा एक आलेख व्हायचा. आडव्या रेषेवर कामाची वर्षं, उभ्या रेषेवर रक्तातलं शिसं. एक कामगार म्हणजे एक ठिपका, आणि ठिपक्याचा रंग त्याच्या विभागाप्रमाणे. मधून एक लाल रेषा जायची. तिच्या वर ठिपका दिसला की कारखान्याचे डॉक्टर त्याचा बिल्ला नंबर शोधून काढायचे आणि त्या माणसाला त्याच दिवशी शिशाच्या कामावरून उठवून दुसरीकडे बसवायचे. डॉक्टरांच्या गळ्यात असे आणखी तीन कारखाने होते. आकड्यांच्या लांबलचक याद्या वाचायला त्यांना फुरसत नव्हती, ते आलेख बघायचे.

आलेखाचा साचा खात्रीताईंनी सहा वर्षांपूर्वी स्वतः बसवलेला होता. त्यातही त्यांचा खरा जीव होता लेजंडवर. लेजंड म्हणजे आलेखावरची ती छोटी चौकट, कुठला रंग कुठल्या विभागाचा हे सांगणारी. सॉफ्टवेअर ती आपल्या मर्जीने कुठेही टाकतं आणि विभागांची नावं वर्णमालेने लावतं, म्हणजे पॅकिंग आधी आणि भट्टी मागाहून. खात्रीताईंना हे बघवलं नाही. चौकट त्यांनी आलेखाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पक्की केली. कच्चा माल ज्या वाटेने कारखान्यात फिरतो त्या क्रमाने त्यांनी नावं लावली, भट्टी, भुकटी, जोडणी, पॅकिंग, एकाखाली एक. रंगाचे चौकोन नखाएवढे. दोन ओळींत अंतर किती, चौकटीची कड किती बारीक, मथळा ठळक की साधा, यावर त्यांनी तीन आठवडे घालवले होते. मग साच्याला पासवर्ड घातला आणि भिंतीवर कागद चिकटवला, "साच्याबाहेरचा आलेख ग्राह्य धरला जाणार नाही."

त्या कागदामागे त्यांचा अनुभव होता, किंवा निदान त्यांना तसं वाटायचं. कोणी साच्याबाहेर काही करून त्यांच्या टेबलावर ठेवलं, तर त्या ते वाचतही नसत. कागद उलटा करून सरळ पाठकोऱ्यांच्या ट्रेमध्ये टाकायच्या आणि पुढे त्यावर टिपणं काढायच्या. कागद वाया गेलेला त्यांना खपायचा नाही.

विभागात दुसरा माणूस होता तो "नवा". त्याला येऊन दीड वर्ष झालं होतं, तरी तो नवाच. हळू बोलायचा, दार न वाजवता लावायचा आणि खात्रीताई खेकसल्या तरी "बरं ताई" म्हणायचा. एवढ्या मऊ माणसाचा खात्रीताईंना पहिल्या दिवसापासून संशय होता. प्रयोगशाळेची यादी मात्र त्याच्याच हातात यायची, आणि ती सोय खुद्द खात्रीताईंनीच करून ठेवली होती. त्यांची सख्खी धाकटी बहीण कारखाना सुरू झाल्यापासून भुकटी विभागात होती. तिचा आकडा आपल्या डोळ्यांखालून गेला तर उद्या कोणीतरी बोट दाखवेल, म्हणून त्यांनी लेखी कळवलं होतं की यादी आपल्याला दाखवू नये. त्या फक्त तयार आलेख तपासायच्या. तेही डोळ्यांत तेल घालून, म्हणजे अक्षरांचा आकार, रंग, लेजंडची कड.

एका रविवारी सकाळी धाकटी तिच्या लेकीला घेऊन खात्रीताईंकडे आली होती. पोरीला अंघोळ घातली, फ्रॉक चढवला आणि पाठीमागची बटणं लावायला धाकटी खाली बसली. पहिलं बटण निसटलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा निसटल्यावर पोरगी वैतागून म्हणाली, "मावशी, तू लाव. आईचे हात नाचतात."

"कधीपासून नाचतात?" खात्रीताईंनी विचारलं.

"अगं काही नाही, थकवा आहे," धाकटी म्हणाली. "डोकं पण दुखतं अधूनमधून."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"रक्त दिलं की मागच्या महिन्यात. काही असतं तर त्यांनी बोलावलं नसतं का? बोलावलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे. तुझा तर आलेख आहे ना तो, तुझाच विश्वास नाही?"

खात्रीताईंनी बटणं लावली. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

सोमवारी सकाळी पहिली पाळी आत गेल्यावर त्या सूचनाफलकावर लावलेल्या या तिमाहीच्या आलेखासमोर जाऊन उभ्या राहिल्या. धाकटीला भुकटीत अकरा वर्षं झाली होती. भुकटीचा रंग तपकिरी. त्यांनी आडव्या रेषेवर अकराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सरळ वर सरकवत नेलं. तपकिरी ठिपका नाही. बोट लाल रेषा ओलांडून लेजंडच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. अकरावर कुठल्याच रंगाचा ठिपका नव्हता.

म्हणजे बहीण आलेखातच नाही!

त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि एकेका ठिपक्यावर बारीक टिंब करत मोजायला सुरुवात केली. फलकासमोरून जाणारे लोक आधी थांबले, मग खात्रीताई आहेत म्हटल्यावर निघून गेले. ठिपके भरले एक्याऐंशी. आलेखाच्या तळाशी सॉफ्टवेअरने आपणहून छापलेलं होतं, "एकूण कामगार ८४." त्यांनी पुन्हा मोजले, या वेळी उजवीकडून डावीकडे. एक्याऐंशीच.

तीन माणसं गायब होती आणि त्यातली एक त्यांच्या पाठची बहीण होती. त्यांना राग आला, आणि रागाला धरायला माणूस तयारच होता.

यादी कोणाच्या हातात? नव्याच्या. आलेख कोण छापतो? नवा. पुढच्या महिन्यात सरकारी तपासणी येणार, तेव्हा लाल रेषेच्या वर ठिपके कमी दिसावेत असं कोणाला वाटेल? मॅनेजरला. आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये मागच्या महिन्यात दोनदा कोण जाऊन आलं? खात्रीताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तर त्यांना सगळंच आठवायला लागलं. आपण खोलीत शिरलो की तो पडद्यावरची एक खिडकी झटकन बंद करतो. विचारलं की "काही नाही ताई, सहज" म्हणतो. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते आपल्याला आधीच कसं कळलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

आठवडाभर त्यांनी पाळत ठेवली. चहाला उठण्याचं सोंग करून दारातूनच परत फिरल्या. एकदा खिडकी बंद करायचा त्याचा हात अर्ध्यावर राहिला, आणि त्यांना पडद्यावर एक आलेख ओझरता दिसला, त्यांच्या साच्यातला नसलेला. गुरुवारी तो जेवायला गेला तेव्हा त्यांनी त्याच्या फोल्डरमध्ये डोकावलं. या तिमाहीच्या आलेखाच्या दोन फाइली होत्या. एक "अंतिम", दुसरी "खाली". एकाच आकड्यांचे दोन आलेख! दुसरी उघडणार एवढ्यात दाराबाहेर चपला वाजल्या आणि त्या आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"ताई, एक विचारू?" नवा म्हणाला.

"कामाचं आहे?"

"साच्याबद्दल होतं. ते लेजंड..."

"माझ्या साच्याला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सांगितलंय."

"बरं ताई," नवा म्हणाला.

साळसूदपणाचा कळस, असं खात्रीताईंना वाटलं. त्यांनी ट्रेमधून एक पाठकोरा कागद ओढला आणि त्यावर मुद्दे लिहून काढले. एक्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी. दोन फाइली. बंद होणारी खिडकी. केबिनच्या दोन फेऱ्या, तारखांसकट. कागद गच्च भरला तेव्हा त्यांना आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

धाकटीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "तुझा आकडा लपवलाय कोणीतरी. मी छडा लावतेय."

"कोणी लपवला?"

"ते मी पुराव्यासकट सांगेन. आधी चोर पकडू दे."

"अगं पण ताई, माझा आकडा किती आहे ते तर विचार कोणाला तरी."

हे खात्रीताईंना सुचलं नव्हतं असं नाही. पण यादी मागितली तर नवा सावध झाला असता, पुरावे पुसून मोकळा झाला असता. "सोमवारपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. धाकटी थांबली. मोठ्या बहिणीचं ऐकायची तिला लहानपणापासून सवय होती.

सोमवारी अकरा वाजता डॉक्टरांच्या खोलीत चौघं बसले. मॅनेजरही होता. खात्रीताईंना तो समोर नकोच होता, पण तक्रार लेखी असल्यामुळे त्याला बोलावणं भाग होतं. नवा दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या नोकरीचा करार महिनाअखेरीला संपत होता आणि आपल्याला कशासाठी बोलावलंय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

खात्रीताईंनी फलकावरचा आलेख पसरला, पेन्सिलीच्या टिंबांसकट. "डॉक्टर, इथे चौऱ्याऐंशी लिहिलंय आणि ठिपके एक्याऐंशी आहेत. दोनदा मोजलेत. तीन माणसं या आलेखातून काढून टाकली आहेत."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "काढून टाकली? कोणी?"

"यादी ज्याच्या हातात असते त्याने." त्यांनी नव्याकडे पाहिलंही नाही. "आणि कोणाच्या सांगण्यावरून ते त्यालाच विचारा. दोनदा केबिनमध्ये गेला होता तो."

"माझ्याकडे?" मॅनेजर म्हणाला. "तो साचा बदलायची परवानगी मागायला आला होता. मी म्हटलं, साचा ताईंचा आहे, त्यांनाच विचार."

"मी कोणालाही काढलेलं नाही," नवा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण कान लाल झाले होते. "ठिपके चौऱ्याऐंशीच आहेत."

"मग दिसत का नाहीत?" खात्रीताईंनी ठणकावलं आणि मुद्द्यांचा कागद डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवला. "हे वाचा. तारखांसकट आहे."

डॉक्टरांनी कागद उचलला आणि चष्मा शोधायला दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. कागद उजेडासमोर आला. स्टुलावर बसलेल्या नव्याला त्याची मागची बाजू दिसली आणि तो उभा राहिला.

"डॉक्टर, उलटा करा तो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कागद उलटा केला.

त्या बाजूला आलेख छापलेला होता. तेच आकडे, तेच रंग, तीच लाल रेषा. फक्त लेजंड आलेखाच्या खाली, बाहेर, एका आडव्या ओळीत मांडलेलं होतं. भट्टी, भुकटी, जोडणी, पॅकिंग, क्रमसुद्धा खात्रीताईंचाच ठेवला होता. उजवा वरचा कोपरा मोकळा होता आणि त्यात तीन ठिपके होते. एक भट्टीचा, दोन तपकिरी. तपकिरीपैकी एक बरोबर अकरावर, लाल रेषेच्या इतका वर की डॉक्टरांनी आकडा पुन्हा वाचला.

त्या ठिपक्यांशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "ताई, आपली लेजंडची चौकट पांढरी आहे, त्यामुळे हे तीन तिच्याखाली जातात. लेजंड खाली घेतलं तर दिसतात. एकदा बघाल का?" खाली तारीख होती, पाच आठवड्यांपूर्वीची.

खात्रीताईंना सहा वर्षांपूर्वीची ती दुपार लख्ख आठवली. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, लेजंड आत घेतलंत तर ठिपक्यांवर येणार नाही का? कारखान्याला तेव्हा पाचच वर्षं झाली होती. बारा वर्षांपर्यंतची आडवी रेषा त्यांनी पुढची सोय म्हणून आखली होती आणि उजवीकडचा सगळा भाग ओसाड पडला होता. त्या हसून म्हणाल्या होत्या, "त्या कोपऱ्यात माणूस येऊनच दाखवू दे." मागच्या जाळीच्या रेघा अक्षरांतून दिसतात म्हणून चौकट पांढरी केली, तीही त्यांनीच. माणसं दर वर्षी एकेक घर उजवीकडे सरकत राहिली आणि चौकट होती तिथेच राहिली.

"हा कागद तुमच्या टेबलावर ठेवला होता मी," नवा म्हणाला. "दोन दिवसांनी बघितलं तर ट्रेमध्ये होता. मला वाटलं, तुम्ही वाचून नाही म्हणालात. मग म्हटलं, वेगळं करून बघू, डावीकडे बसतं का, चौकट पारदर्शक केली तर चालतं का. तुम्ही आलात की बंद करायचो. तुम्हाला आवडत नाही म्हणून."

"पण डॉक्टरांकडे का नाही गेलास सरळ?" मॅनेजरने विचारलं.

नव्याने मान खाली घातली. "जायला हवं होतं. साच्याबाहेरचा आलेख ग्राह्य धरत नाहीत, असं भिंतीवर लिहिलंय. आणि माझा करार..."

कायम दुसऱ्यांचं बिंग फोडायला निघालेली बाई, आणि आज उभं राहायला जागा नव्हती. खात्रीताईंना नव्याचा राग येईना, मॅनेजरचा येईना, आणि राग आल्याशिवाय काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "साचा माझा आहे. तक्रार मी मागे घेते. नाही, मागे घेत नाही. नाव बदलून माझं घाला."

"ते नंतर बघू," डॉक्टर फोन उचलत म्हणाले. "मला आधी या तिघांचे बिल्ला नंबर हवेत."

"अकरावरचा मला माहीत आहे," खात्रीताई म्हणाल्या आणि त्यांनी बहिणीचा नंबर सांगितला. नव्याने यादी काढून पाहिली आणि मान हलवली. नंबर बरोबर होता. ती बहीण आहे हे त्याला तेव्हाच कळलं, कारण खात्रीताई तोपर्यंत भिंतीला टेकल्या होत्या.

भुकटी विभागाच्या दाराबाहेर एक लाकडी बाक होतं. आतून धाकटीला बोलावलं तेव्हा ती मास्क, टोपी, हातमोजे तशीच घालून बाहेर आली आणि बाकावर बसली. अंगावर करडी धूळ होती. ताईच्या हातात कागद बघून तिचे डोळे हसले.

"सापडला का तुझा चोर?"

"सापडला."

"खात्री करून घेतलीस?" धाकटीने चिडवलं.

"घेतली," खात्रीताई म्हणाल्या. "मीच ती."

धाकटी हसणार होती, पण ताईचा चेहरा बघून थांबली. खात्रीताईंनी कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि अकरावरच्या तपकिरी ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही तू. माझ्या चौकटीखाली होतीस. आत जायचं नाही आता. डॉक्टर थांबलेत."

धाकटीने ठिपका पाहिला. लाल रेषा पाहिली. मग हातमोज्यातलं थरथरणारं बोट हळूहळू खाली पेन्सिलीच्या अक्षरांवर आलं आणि तारखेवर थांबलं.

"पाच आठवडे, ताई?"

खात्रीताईंनी मान हलवली. "माझ्या टेबलावर होता. वाचला नाही मी."

धाकटीने मास्क काढायला हात डोक्यामागे नेला, पण गाठ काही बोटांना सापडेना. दोनदा प्रयत्न करून तिने हात खाली घेतला आणि बहिणीकडे पाठ करून बसली. खात्रीताई तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि गाठ सोडवू लागल्या.